घरातील सामाईक इंटरनेट : बिघाड कसा शोधावा?

एका जोडणीवर सबंध घराचे काम चालविण्याची पद्धत ग्रामीण भागातही आता रूढ होऊ लागली आहे. काही घरांत ओसरीवरील एका संगणकात बाहेरची जोडणी घेऊन त्याच्यामार्फत दुसरा संगणक, मुलांचे मोबाइल व गोठ्यावरील कॅमेरा ह्यांना इंटरनेट पुरविले जाते. अशा मधल्या संगणकास सर्व्हर असे म्हणतात. ७/१२ चा उतारा काढणे, महाडीबीटीवर योजनेचा अर्ज भरणे, बाजारभाव व हवामानाचा अंदाज पाहणे ही सर्व कामे त्यावर होतात. सोय मोठी खरी. परंतु सर्व्हर अडला की सर्वांचेच काम एकदम अडते.

अशा वेळी पुष्कळदा काय घडते? अर्जाच्या मुदतीचा अखेरचा दिवस असतो आणि पान उघडत नाही. घाईघाईने मोडेमची मांडणी पुसून टाकली जाते. त्यामुळे मूळचा दोष बाजूलाच राहतो आणि मोडेममध्ये साठविलेले जोडणीचे नाव व परवलीचा शब्द नाहीसा होऊन दुसराच दोष उत्पन्न होतो. दोष किरकोळ असूनही मुदत टळते व अनुदानाची संधी हुकते. हे टाळावयाचे तर तपासणी क्रमाने करणे, हाच खात्रीचा मार्ग होय.

व्यवस्था कशी चालते?

पाटाचे पाणी शेताच्या टोकास पोहोचले नाही, तर शेतकरी सर्व चाऱ्या उकरीत बसत नाही. पाटास पाणी आहे काय, दारे उघडले आहे काय, चारी कोठे फुटली आहे काय, हे तो वरून खाली पाहत जातो. येथेही तसेच करावयाचे असते.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास आकड्यांचा एक पत्ता असतो. जुन्या व अद्याप सर्वत्र वापरात असलेल्या पद्धतीत असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. ते जगास अपुरे पडतात, म्हणून घरगुती वापरासाठी १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांसारखे काही पत्ते राखून ठेवलेले आहेत. हे पत्ते घराबाहेर चालत नाहीत. त्यामुळे सर्व्हरला पुढील चार कामे करावी लागतात :

१. घरातील प्रत्येक यंत्रास पत्ता वाटून देणे. (डीएचसीपी)
२. घरातील मागणी बाहेर व बाहेरचे उत्तर घरात धाडणे. (फॉरवर्डिंग)
३. घरातील पत्त्याऐवजी बाहेर चालणारा पत्ता लावणे. (नॅट)
४. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता मिळवून देणे. (डीएनएस)

ह्या चारांपैकी कोणते काम बंद पडले आहे हे ओळखले, म्हणजे निम्मी दुरुस्ती झाली असे समजावे. ओळखण्याचे साधन प्रत्येक संगणकात असते. त्यास पिंग म्हणतात. एखाद्या पत्त्यावर छोटा संदेश धाडून उत्तर येते की नाही, हे त्यावरून कळते. पुढे दिलेले आकडे संगणकात इंग्रजी अंकांत टंकावेत.

तपासणीचा क्रम

*पहिली पायरी : दिवे व तारा.* मोडेम, स्विच व सर्व्हरच्या जोडावरील दिवे पाहावेत. दिवा नसल्यास तारेचे टोक काढून पुन्हा घट्ट बसवावे व दुसरी तार लावून पाहावी. उंदरांनी कुरतडलेली तार हा आपल्याकडील नेहमीचा दोष आहे. तांब्याची तार सलग १०० मीटरपेक्षा लांब असू नये.

*दुसरी पायरी : सर्व्हरवरून बाहेर.* सर्व्हरवर बसून प्रथम मोडेमच्या पत्त्यास व नंतर ८.८.८.८ ह्या गूगलच्या सार्वजनिक पत्त्यास पिंग करावे. मोडेम उत्तर देतो पण बाहेरून उत्तर येत नाही, असे असल्यास दोष बहुधा घराबाहेरचा असतो. तेव्हा काहीही न पुसता सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवावी. दोन्हीकडून उत्तर आल्यास मोडेम निर्दोष आहे. त्यास हात लावू नये.

*तिसरी पायरी : घरातील यंत्राचा पत्ता.* अडलेल्या यंत्राचा पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर यंत्रास पत्ता मिळालेलाच नाही व त्याने तो स्वतःच लावून घेतला आहे, असा अर्थ होतो. सर्व्हरवरील पत्ते वाटण्याचे काम पुन्हा सुरू करावे. घरात पत्ते वाटणारी दोन यंत्रे असल्यासही घोटाळा होतो. नवा वायफाय राउटर आणून स्विचला जोडल्यावर हा दोष हमखास उद्भवतो. राउटरमधील पत्तेवाटप बंद करावे.

मोडेमकडील बाजू व घराकडील बाजू ह्यांचे पत्ते एकाच गटातील असता कामा नयेत. मोडेमकडे १९२.१६८.१ हा गट असल्यास घराकडे १९२.१६८.५० असा निराळा गट ठेवावा. विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांत जोडणी सामाईक केल्यावर सर्व्हरला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता आपोआप मिळतो.

*चौथी पायरी : यंत्रावरून सर्व्हर व बाहेर.* त्याच यंत्रावरून प्रथम सर्व्हरला व मग ८.८.८.८ ला पिंग करावे. सर्व्हरवरील संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, कधीकधी पिंगला उत्तर देऊ देत नाही. म्हणून एवढ्यावरूनच निष्कर्ष काढू नये. परंतु सर्व्हर उत्तर देतो आणि बाहेरून मात्र उत्तर येत नाही, तर फॉरवर्डिंग किंवा नॅट बंद आहे असे समजावे. वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर हे पुष्कळदा घडते. लिनक्सवर फॉरवर्डिंगची किंमत ० असल्यास ती १ करावी व कायमच्या मांडणीतही लिहावी. अन्यथा पुढील वेळी ती पुन्हा ० होते. विंडोजवर सामाईक जोडणीची खूण काढून पुन्हा करावी.

*पाचवी पायरी : नावे.* आकडी पत्त्यास उत्तर येते, पण नाव टंकल्यावर पान उघडत नाही, तर दोष डीएनएसचा होय. यंत्रास नाव विचारण्यासाठी कोणता पत्ता दिला आहे ते पाहावे व तो दुरुस्त करावा.

फसविणारे दोन दोष

सर्व पायऱ्या ठीक असूनही काही पाने उघडत नाहीत, तेव्हा प्रथम त्या यंत्राची तारीख पाहावी. संगणकातील लहान गोल बॅटरी संपली, की वीज गेल्यावर तारीख अनेक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळे चुकीच्या तारखेस उघडत नाहीत. ही बॅटरी ३ व्होल्टची, बहुधा सीआर २०३२ ह्या नावाची असून अल्प किमतीत मिळते.

दुसरा दोष संदेशाच्या आकाराचा. नाव व परवलीचा शब्द देऊन जोडल्या जाणाऱ्या पीपीपीओई पद्धतीत १,५०० बाइटांपैकी ८ बाइट खर्ची पडतात. सर्व्हरच्या बाहेरील जोडणीस १,४९२ ही मर्यादा न लावल्यास काही पाने उघडतात व काही अर्धवट अडकून राहतात.

घ्यावयाची दक्षता

सर्व्हर, मोडेम व स्विच ह्यांस यूपीएसची जोड द्यावी. विजा कडाडण्याचा संभव दिसताच विजेची व बाहेरून येणाऱ्या तांब्याच्या तारेची जोडणी काढून ठेवावी. घरापासून गोठ्यापर्यंत उघड्यावरून न्यावयाच्या जोडणीस काचतंतूची तार अधिक सुरक्षित असते. सर्व पत्ते व चालू मांडणी एका वहीत लिहून ती वही सर्व्हरजवळ ठेवावी. परवलीचा शब्द मात्र निराळा जपून ठेवावा. दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा व त्याची नोंद करावी. उपयोग न झाल्यास तो बदल मागे घ्यावा.

अखेरच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरही गर्दी होते. इतर पाने उघडत असून तेवढेच एक पान अडत असल्यास दोष घरातला नसण्याचाच संभव अधिक. म्हणून अर्ज मुदतीपूर्वी आठवडाभर तरी भरावा आणि अडचणीच्या वेळेसाठी मोबाइलवरील इंटरनेटची पर्यायी सोय ठेवावी. पेरणीपूर्वी पाभर तपासून घेण्याची सवय शेतकऱ्यास आहेच. तीच सवय सर्व्हरच्या बाबतीत लावून घेतल्यास ऐन वेळची धावपळ व नुकसान ही दोन्ही टळतील.