एकाच जागेचा उमेदवार : गोलरक्षक आणि त्याची दुखापत

फुटबॉल हा अकरा जणांचा खेळ असे आपण म्हणतो. परंतु त्यातील दहा जणांना एक न्याय व अकराव्याला दुसरा, ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. आघाडीचा खेळाडू दुखापतीतून उठला की प्रशिक्षक त्याला शेवटची दहा मिनिटे खेळवून पाहतो. पाय साथ देतो असे दिसले तर पुढच्या सामन्यात अर्धा तास. बचावपटूला डावीकडून उजवीकडे हलविता येते. गोलरक्षकाला मात्र असे हळूहळू परत येता येत नाही. जागा एकच, आणि ती दुसऱ्याने व्यापली की व्यापली. प्रस्तुत लेखात एका गुणी गोलरक्षकाच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. मी स्वतः महाविद्यालयाच्या संघात राखीव गोलरक्षक आहे. म्हणजे बाकावर बसून विचार करण्यास मला भरपूर वेळ मिळतो, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे!

गोवा ही भारतीय गोलरक्षकांची खाण. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ब्रह्मानंद संखवाळकर यांनी साळगावकर संघाचा व भारताचा गोल सांभाळला, देशाचे कर्णधारपद भूषविले आणि १९९७ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच मातीत १९९४ साली आल्बिनो गोम्स जन्मला. साळगावकर, नंतर मुंबई सिटी, अशी त्याची वाटचाल झाली. पण त्याचे नाव देशभर झाले ते २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये, आणि तेही गोव्यापासून फार दूर, मिझोरामच्या आयझॉल संघाकडून खेळताना.

या कथेत दैवाचा एक खेळ आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आयझॉल संघ आदल्या वर्षी खालच्या श्रेणीत घसरला होता. परंतु २०१६ साली साळगावकर व स्पोर्टिंग या गोव्याच्या संघांनी लीगमधून अंग काढून घेतले आणि रिकाम्या झालेल्या जागेत आयझॉलला पुन्हा घेण्यात आले. गोव्याचे क्लब बाहेर पडले, आणि त्यामुळे आत आलेल्या संघाच्या गोलात गोव्याचाच मुलगा उभा राहिला. प्रशिक्षक होते खालिद जमील, ज्यांची स्वतःची खेळाडू म्हणून कारकीर्द दुखापतींनी पोखरली होती. मुंबईचा जयेश राणे याच संघात होता. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला बरोबरी साधून आयझॉलने विजेतेपद मिळविले. मोहन बागानपेक्षा एकच गुण अधिक! आल्बिनोने त्या मोसमात आठ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. लीगचे एकंदर सामनेच अठरा, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळेल. त्या वेळी तो तेवीस वर्षांचा होता.

पुढच्या मोसमात इंडियन सुपर लीगमधील दिल्ली डायनामोज संघाने त्याला घेतले. थोडे सामने झाले, आणि दुखापतीने त्याचा मोसम संपविला. दिल्लीने स्पेनहून झाबी इरुरेटा या गोलरक्षकाला आणले. संघाचे काम चालू राहिले, कारण संघाचे काम नेहमी चालूच राहते. २०२० मध्ये आल्बिनो केरळ ब्लास्टर्सकडे आला. महासाथीमुळे ती लीग प्रेक्षकांविना सगळी गोव्यातच खेळली गेली, म्हणजे तो एका अर्थी घरीच खेळत होता. डिसेंबर २०२० मध्ये बेंगळुरूविरुद्ध त्याने सुनील छेत्रीची पेनल्टी अडविली. सामना केरळने गमावला, पण हा गोलरक्षक पुन्हा उभा राहिला आहे एवढे त्या एका झेपेने सिद्ध झाले. दुसऱ्या मोसमाची सुरुवातही त्यानेच केली. आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा दुखापत.

त्याच्या जागी प्रभसुखन गिल आला. वय वर्षे वीस. गिलने मोसमात सात सामन्यांत गोल होऊ दिला नाही, आणि स्पर्धेतील उत्कृष्ट गोलरक्षकाचा 'गोल्डन ग्लव्ह' पटकावला. यात गिलचा दोष काही नाही. उलट, संधी आली तेव्हा तो तयार होता, हे त्याचे श्रेयच. परंतु राखीव गोलरक्षकाच्या मनात काय चालते ते मला थोडेफार ठाऊक आहे. मुख्य गोलरक्षक जमिनीवर पडला की आपण पाण्याची बाटली घेऊन धावतो, त्याला काही होऊ नये असे मनापासून वाटते, आणि त्याच क्षणी हात नकळत हातमोज्यांकडे जातो. या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. खेळातील इतर कोणत्याही जागेवर मित्राच्या दुःखाशी आपल्या संधीची इतकी घट्ट गाठ बांधलेली नसते.

आता दुखापतीच्या शास्त्राकडे वळू. गोलरक्षकाची बोटे निखळतात, खांदा उतरतो, मनगट मुरगळते, लांब लाथ मारताना जांघ लचकते. ही रोजची देणी झाली. परंतु खेळाडूचे अख्खे वर्ष गिळणारी दुखापत म्हणजे गुडघ्याच्या आतील 'अँटीरिअर क्रुशिएट लिगामेंट' तुटणे. मांडीचे हाड व नडगीचे हाड यांना सांध्याच्या आत तिरके बांधणारी ही दोरी. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा वळताना घसरू नये, हे तिचे काम. लोकांना वाटते की कोणी आडवी लाथ घातली म्हणजे ती तुटते. प्रत्यक्षात पुष्कळदा समोर कोणीही नसताना तुटते. खेळाडू उडी मारून एका पायावर उतरतो, पाऊल जमिनीला चिकटते, वरचे शरीर वळते, गुडघा आत झुकतो आणि 'फट्' असा आवाज येतो. आता गोलरक्षकाची उंच चेंडू झेलण्याची रीत आठवा. एका पायावर उडी, दुसरा गुडघा छातीपर्यंत वर, हात आकाशात, नजर चेंडूवर, आणि खाली उतरायचे ते चार-पाच जणांच्या गर्दीत. पाय कोठे पडणार हे पाहण्याची सोयच नाही.

खरा घोटाळा यानंतर होतो. पहिल्या दिवशी गुडघा भोपळ्यासारखा सुजतो. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, चालता येते, सरळ रेषेत पळताही येते. सूज उतरली म्हणजे गुडघा बरा झाला, असे आपल्याकडे सर्रास समजतात. परंतु पूर्ण तुटलेली ही दोरी सहसा आपणहून नीट जुळत नाही. असा खेळाडू मैदानात उतरतो, वळतो, गुडघा पुन्हा निसटतो, आणि या वेळी दोन हाडांमधील कूर्चेची गादीही फाटते. आमच्या वस्तीतील एका गोलरक्षकाचे असेच झाले. तो आमच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, त्याचे पाहूनच आम्ही हातमोजे घातले. तेल चोळणे, शेकणे, क्रेप बँडेज, आणि पुढच्या रविवारी सामना. असे तीनदा झाले. आज तो ऑटो चालवितो, आणि क्लच डाव्या हातात असतो म्हणून बरे, असे हसत सांगतो. त्याचा गुडघा कोणी तपासलाच नाही असे नाही. पण तपासणाऱ्याने विश्रांती सांगितली, आणि विश्रांती म्हणजे किती दिवस व त्यानंतर काय, हे त्याला कोणीच समजावून दिले नाही.

शस्त्रक्रिया झाली तरी प्रश्न संपत नाही. मांडीच्या मागची किंवा वाटीखालची कंडरा काढून तुटलेल्या दोरीच्या जागी बसवितात. बसविली त्या दिवशी ती बरीच मजबूत असते. पुढील काही आठवड्यांत उलट ती कमकुवत होते, कारण शरीर तिच्यात नवा रक्तपुरवठा निर्माण करून तिला आपलीशी करीत असते. नेमक्या याच सुमारास खेळाडूला वाटू लागते की आता आपण ठीक आहोत. नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच वाढतो, असे अभ्यासकांना आढळले आहे. त्यातही तरुणांना धोका जास्त, आणि तो केवळ त्याच गुडघ्याला नव्हे तर दुसऱ्या गुडघ्यालाही. एका पायाला जपताना दुसऱ्यावर भार येतो. शिवाय मांडीचा स्नायू वाळतो, तो दोन्ही पायांत सारखा झाला की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, मोजावे लागते. म्हणून 'वारंवार दुखापत' याचा अर्थ दर वेळी नवे दुर्दैव असा घेणे बरोबर नाही. दुसरी दुखापत पुष्कळदा पहिलीच्याच पोटातून येते.

पूर्वीच्या गोलरक्षकांचे हाल यापेक्षा भयंकर होते. ५ सप्टेंबर १९३१ रोजी ग्लासगो येथे सेल्टिकचा बावीस वर्षांचा गोलरक्षक जॉन थॉमसन प्रतिस्पर्ध्याच्या पायांवर झेपावला, डोक्याला मार लागला आणि त्याच रात्री तो वारला. १९५६ च्या एफ. ए. कप अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीच्या बर्ट ट्राउटमानची मान मोडली. बदली खेळाडूची मुभाच नव्हती, म्हणून शेवटची सुमारे सतरा मिनिटे तो तसाच खेळला. मान मोडल्याचे निदान काही दिवसांनी झाले. पुढच्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडच्या रे वुडचे गालाचे हाड सहाव्या मिनिटाला मोडले, तेव्हा बचावपटू जॅकी ब्लँचफ्लॉवर याला गोलात उभे करावे लागले, आणि सामना गेला. विश्वचषकात बदली खेळाडू आला तो १९७० मध्ये. ट्राउटमानच्या शौर्याची गोष्ट आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. मला मात्र वाटते की ती शौर्याइतकीच नियमांच्या निष्ठुरपणाचीही गोष्ट आहे.

२००६ मध्ये चेल्सीच्या पेत्र चेकची कवटी मोडली आणि सुमारे तीन महिन्यांनी तो परतला, डोक्यावर संरक्षक टोपी घालून. ती त्याने पुढे कायम ठेवली. येथे फरक कशाचा? धैर्य थॉमसनलाही होते, ट्राउटमानलाही होते. चेकजवळ शस्त्रक्रियेची सोय होती, वाट पाहणारा क्लब होता आणि करार होता. नागपुरातल्या मुलापुढे हा प्रश्न असा येतो : वाट पाहणार कोण? आमच्या घरी माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही. बाबांना मी खेळतो याचे दुःख नाही, पण हात मोडला तर परीक्षेत लिहिणार कशाने, असे ते विचारतात आणि त्यावर मला अजून उत्तर सुचलेले नाही.

विदर्भात फुटबॉल नाही असे म्हणणाऱ्यांनी कामठीला किंवा मोमिनपुऱ्यात एखादा सामना पाहावा. याच शहरात २००१ साली हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांना घेऊन स्लम सॉकरची चळवळ उभी केली, जिच्यावरून नागराज मंजुळे यांचा 'झुंड' २०२२ मध्ये आला. खेळणारे आहेत, पाहणारेही आहेत. नाही ते मैदान. आमची बहुतेक मैदाने मुरमाची. एप्रिल-मे मध्ये ती तव्यासारखी तापतात व दगडासारखी कडक होतात. त्यावर सूर मारणारा गोलरक्षक कोपर आणि खुबा सोलून घेतो. म्हणून तो हळूहळू सूर मारणेच टाळू लागतो, पायाने चेंडू अडविण्याची सवय लावून घेतो. मग निवडीच्या वेळी गवताच्या मैदानावर त्याला सांगतात की तुझी झेप कच्ची आहे!

तरीही गोलरक्षकाच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती म्हणजे वय. इटलीच्या दिनो झोफने १९८२ चा विश्वचषक उचलला तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. २०१८ च्या विश्वचषकात इजिप्तच्या एसाम अल हदारीने पंचेचाळिसाव्या वर्षी सौदी अरेबियाची पेनल्टी अडविली. आणि आपल्याजवळचे उदाहरण हवे तर २० मार्च २०२२ चा फातोर्डा येथील अंतिम सामना पाहा. एका बाजूला आल्बिनोच्या जागी आलेला गिल, दुसऱ्या बाजूला हैदराबादचा लक्ष्मीकांत कट्टिमणी, गोव्याचाच, वय बत्तीस. बरोबरीनंतर पेनल्ट्या झाल्या, कट्टिमणीने तीन अडविल्या आणि चषक हैदराबादला गेला. आल्बिनो त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा होता. इतर जागांवर हे वय उताराचे समजले जाते, गोलरक्षकाला ते चढाचे. त्यामुळे त्याने गमावलेले मोसम हे नुसते सामने नव्हेत. गर्दीत कधी पुढे यायचे आणि कधी रेषेवर थांबायचे, हे ज्या वर्षांत अंगी मुरते ती वर्षे गेली. पुढे तो गोव्यात चर्चिल ब्रदर्सकडून खेळला.

उपाय अगदीच नाहीत असे नाही. फिफाने 'इलेव्हन प्लस' नावाचा एक व्यायामक्रम तयार केला आहे. पंधरा व्यायाम, वीस मिनिटे, आणि साहित्य काही नाही. एका पायावर तोल सांभाळणे, उडी मारून गुडघा आत न झुकू देता उतरणे, मांडीच्या मागचे स्नायू बळकट करणे, असे त्याचे स्वरूप. तो नियमितपणे करणाऱ्या संघांत दुखापती लक्षणीय प्रमाणात कमी झाल्याचे दिसून आले आहे. मुरमाच्या मैदानावरही तो करता येतो. आमच्या संघाने या सत्रापासून आठवड्यातून तीन सकाळी तो सुरू केला आहे. सगळे त्याला 'बायकांची कसरत' म्हणून हसतात, मुलींचा संघ तो आमच्याहून नीट करतो, आणि मोजणीची शिट्टी राखीव गोलरक्षकाकडे दिलेली आहे.