आरशात न दिसणारी पाठ

हाडापेराने किरकोळ असलेल्या मुलाच्या वाट्याला आपल्या समाजात जी विशेषणे येतात, त्यांचा नुसता संग्रह केला तरी एक लहानशी पुस्तिका सहज सिद्ध होईल. काडीपैलवान, हडकुळा, पाप्याचे पितर, वाऱ्याने उडून जाणारा, ही त्यांतल्या त्यात सभ्य म्हणता येतील अशी. बोलणारा ती बोलून जातो आणि विसरतो. परंतु ऐकणारा पंधरासोळा वर्षांचा असेल तर तो ती उशाशी घेऊन निजतो आणि सकाळी उठल्याबरोबर, दात घासण्यापूर्वी, दंडाची बेटकुळी काढून पाहतो. या वयातील मुलाला बल हवे असते असे मला वाटत नाही. त्याला हवा असतो तो गंजीफ्रॉकमधून चारचौघांना दिसेल असा बलाचा पुरावा, आणि तोही येत्या स्नेहसंमेलनाच्या आत. आणि या निकडीवर पोट भरणारी माणसे माझ्या लहानपणी जशी होती तशी, किंबहुना अधिक संख्येने, आजही आहेत.

मी या वर्गातलाच मुलगा होतो. वडील मामलेदार कचेरीत बारनिशी कारकून, घरात खाणारी तोंडे पुष्कळ, आणि माझी उंची एकदोन वर्षांत अशी झपाट्याने वाढलेली की गेल्या दिवाळीचा सदरा मनगटाच्या वर चढून बसे, पण खांद्याला मात्र सैलच राही. गावात घाटाजवळ एक जुनी तालीम होती. तिच्या कोनाड्यातला शेंदूर फासलेला मारुती, कंदिलाच्या काजळीने काळवंडलेल्या तुळया आणि तांबड्या मातीचा हौदा हे सर्व आम्हा शाळकरी पोरांना आमच्या आजोबांच्या काळातले, म्हणून आपोआपच निरुपयोगी, वाटत असे. त्याच सुमारास बाजारपेठेत एक नवी व्यायामशाळा निघाली. तिथे लोखंडी वजने होती, गादी ठोकलेला बाक होता आणि समोरची संपूर्ण भिंत आरशाने मढविलेली होती. चालक स्वतः देखणे होते व वाक्चतुरही होते. शुल्क आगाऊ घेऊन त्यांनी आम्हांला जो कार्यक्रम लावून दिला तो असा, की रोज न चुकता बाकावर उताणे पडून दांडी छातीवरून वर ढकलायची, त्यानंतर जोर काढायचे, आणि अखेरीस हात थरथरू लागेपर्यंत दंडाची वजने उचलायची. पाठीसाठी काही आहे का, असे कुणी तरी एकदा विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "पाठ कोण बघतो?"

युक्तिवाद त्या वेळी बिनतोड वाटला. छाती खरोखरच थोडी भरली, दंडही किंचित उगवल्यासारखे दिसू लागले, आणि शाळेतल्या टोपणनावाचा वापर कमी झाला. मग एके दिवशी फडताळावरचा डबा काढण्यासाठी उजवा हात वर नेला तो कानाच्या पातळीपर्यंत गेला आणि तिथे अशी कळ आली की डबा, झाकण आणि आतले शंकरपाळे एकदमच खाली आले. पुढे रात्री त्या कुशीवर झोपणेही अशक्य झाले. चालकांकडे गेलो तर त्यांनी दुखणे हे स्नायू वाढत असल्याचे लक्षण असल्याचा निर्वाळा दिला आणि वजन कमी करू नकोस असे बजावले.

गावातले डॉक्टर मितभाषी होते. त्यांनी मला सदरा काढून भिंतीपासून दूर उभे केले, हात सहज लोंबते सोडायला सांगितले आणि म्हणाले, "आता तुझे तळवे कुठे वळले आहेत ते बघ." सामान्यतः अशा वेळी तळवे मांड्यांकडे वळलेले असतात, माझे पाठीमागे वळले होते आणि अंगठे एकमेकांकडे पाहत होते. ही परीक्षा कुणालाही घरच्या घरी करता येते, आणि बाकावर दांडी ढकलणाऱ्या प्रत्येक मुलाने ती महिन्यातून एकदा अवश्य करावी. डॉक्टरांनी मग कागदावर आकृती काढून समजावले ते मला अद्याप स्मरते. दंडाच्या हाडाचे गोल टोक ज्या खोबणीत बसते ती फार उथळ असते. ते टोक जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम खवाट्यापासून निघणारे चार लहान स्नायू करतात, आणि त्यांपैकी एकाची कंडरा खांद्याच्या माथ्यावरील हाडाखालच्या अरुंद वाटेने जाते. छातीचे स्नायू रोजच्या रोज राबवून बळकट व आखूड होत गेले, आणि पाठीच्या स्नायूंची मात्र कुणी विचारपूस केली नाही, म्हणजे खांदा पुढे झुकतो, ती वाट अधिकच अरुंद होते आणि हात वर नेताना कंडरा हाडाखाली घासू लागते. बाजेचा सुंभ एकाच अंगाने ताणला की चौकट वाकडी होते, तशातला हा प्रकार. त्यात विश्रांतीचा एकही दिवस नाही, म्हणजे झालेली झीज भरून निघण्याला सवडच नाही.

ढकलण्याचे सर्व व्यायाम बंद झाले. हात वर जाऊ लागल्यावर, काही तरी करायचे म्हणून, मी घाटाजवळच्या त्या जुन्या तालमीत जाऊ लागलो. वस्तादांनी माझ्याकडे मागून पुढून पाहिले आणि म्हणाले, "आरं, म्होरं दिसतंय तेवढंच वाढवलंस की! मागलं कुणी वाढवायचं?" त्यांनी मला जोर सांगितले नाहीत, कुस्ती तर नाहीच, हातात खोरे दिले आणि हौदा उकरायला लावले. कुणाला ही मजुरी वाटेल, मलाही वाटली. परंतु घट्ट बसलेली माती खोऱ्याने स्वतःकडे ओढून घेताना दोन खवाट्यांच्या मधला जो भाग कधी ठाऊकही नव्हता तो दुसऱ्या दिवशी असा काही बोलू लागला, की शरीराला पाठ नावाचा प्रांत आहे याची मला प्रथमच वर्दी मिळाली. विहिरीचे पाणी शेंदून भरणे हे दुसरे काम, आणि छताच्या तुळईला बांधलेला दोर चढणे हे तिसरे. तिन्ही कामे ओढण्याची. आमच्या जुन्या तालमींत जोर काढून छाती व खांदे कमावण्याची जशी चाल होती तशीच मातीची, दोराची आणि मल्लखांबाची ओढही होती. ज्या बाळंभटदादा देवधरांकडे दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय परंपरेने जाते, त्यांच्या त्या एरंडेल लावलेल्या गुळगुळीत खांबावर स्वतःचा देह हातांनी ओढून धरल्यावाचून एक पकडही साधत नाही. हा तोल कुणी शास्त्र लिहून ठेवून साधलेला नसेल, पण साधलेला होता, आणि आरसा आला तेव्हा तो मोडला, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे सडपातळ मुलांच्या समाधानासाठी एक गोष्ट नमूद करतो. 1952 साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला वैयक्तिक स्पर्धेतले पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणारे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे 57 किलोच्या आतल्या वजनगटात लढले होते. वजनकाट्यावर त्यांच्याहून भारी भरणारी मुले आजही स्वतःला हडकुळी म्हणवून कष्टी होत असतात.

आता जे मला पदरचा खांदा खर्चून समजले ते सांगतो. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, एवढा व्यायाम नवशिक्याला पुरेसा आहे. स्नायू वाढतो तो श्रमाच्या वेळी नव्हे, श्रमानंतरच्या विश्रांतीत. ढकलण्याचा एक प्रकार केला की ओढण्याचे दोन करावेत, असे प्रमाण मी माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या प्रत्येक मुलाला घालून देतो. ज्याला दांडीला लोंबून स्वतःला वर ओढता येत नाही, आणि बहुतेकांना ते येत नाही, त्याने स्टुलावर चढून हनुवटी दांडीच्या वर न्यावी आणि तेथून सावकाश, पाच आकडे मोजत, खाली यावे. याच उतरण्यातून चढण्याचे बळ येते. तेही जड वाटले तर कंबरेइतक्या उंचीच्या दांडीखाली उताणे होऊन, टाचा जमिनीला टेकून आणि देह ताठ ठेवून, छाती दांडीला लावावी. दोन खवाटे एकमेकांजवळ येतात की नाही याकडे लक्ष असू द्यावे. जोर काढताना कोपरे अंगापासून फार फाकू नयेत. आठ ते बारा आवर्तने नीट ठेवणीत जमतील एवढेच वजन घ्यावे, बारा निर्वेध होऊ लागली म्हणजेच थोडे वाढवावे, आणि ठेवण बिघडली तर त्या दिवसाचा हिशेब तिथेच बंद करावा. दंड जाड दिसावा अशीच ज्याची हौस असेल त्याने हेही ध्यानात घ्यावे की दंडाच्या जाडीत मागच्या स्नायूचा वाटा पुढच्या बेटकुळीपेक्षा मोठा असतो. म्हणजे इथेही आरसा खोटीच साक्ष देतो.

पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते पण अंग भरलेले दिसत नाही, याने निराश होण्याचे कारण नाही. त्या मुदतीत मज्जातंतू स्नायूंकडून काम करून घ्यायला शिकत असतात, जाडी मागाहून येते. व्यायामाने उंची खुंटते ही समजूत निराधार आहे, मात्र जाणत्याची देखरेख हवी. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाजवळची वाढीची कूर्चा मुलग्यांत साधारण 17 ते 20 या वयात जुळून येते, तोवर पैजेखातर एकदाच पेलवेल असले वजन उचलण्याच्या भानगडीत पडू नये.

आहाराविषयी जितका गोंधळ आहे तितका दुसऱ्या कशाविषयीही नसेल. अंग कमावणाऱ्या मुलाला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे दीड ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे 50 किलोच्या मुलाला 75 ग्रॅम. अर्धा लिटर दुधातून 16, मूठमूठ करून दिवसभरात खाल्लेल्या 100 ग्रॅम शेंगदाण्यांतून 25, 100 ग्रॅम डाळीच्या वरणातून 20 आणि 200 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांतून जवळजवळ तितकीच, इतकी गोळाबेरीज कुठल्याही कारकुनाच्या घरात होऊ शकते. अंडे चालत असेल तर एका अंड्याचे 6 ग्रॅम वेगळे. माझ्या आईने दुधाचा रतीब अर्ध्या शेराने वाढवला तेव्हा वडिलांनी चहाच्या साखरेत काटछाट करून दरमहाचा जमाखर्च जुळवला होता, आणि त्या दुधाने जे झाले ते व्यायामशाळेच्या चालकांनी उधारीवर गळ्यात मारलेल्या भुकटीच्या डब्याने झाले नव्हते. हडकुळ्या मुलाची खरी अडचण बहुधा प्रथिनांचीही नसते. तो एकंदरीतच कमी जेवतो, आणि आपण भरपूर जेवतो असे शपथेवर सांगतो. त्याने आठवडाभर खाल्लेला प्रत्येक घास वहीत टिपून ठेवावा, म्हणजे शपथ आपोआप मागे घेतली जाईल. आठवड्याला पाव किलोच्या आसपास वजन वाढले तरी उत्तम. याहून फार वेगाने वाढले तर त्यात चरबीचा भरणा अधिक. आणि रात्री आठ तासांहून कमी झोपू नये, या वयाला दहादेखील अधिक नाहीत.

भुकटीच्या डब्यांवर मी फार शब्द खर्चत नाही. कित्येक निव्वळ महाग असतात, काहींत लेबलावर लिहिलेले सोडून दुसरेच असते. सुया आणि गोळ्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. पौरुषसंप्रेरकाच्या जातीची ही द्रव्ये वाढत्या वयात घेतली की हाडांची वाढीची कूर्चा वेळेपूर्वीच जुळते व उंची कायमची थांबते. वृषण आक्रसतात, स्तन फुगतात, गोळ्यांनी यकृत बिघडते, आणि यातले काही पुढे औषधोपचारानेही पूर्ववत होत नाही. जो कुणी मुलाला अशी सुई सुचवील त्याचे नाव मुलाने घरी सांगावे, आणि घरच्यांनी मुलावर न रागावता त्या माणसावर रीतसर फिर्याद करावी.

माझा खांदा बरा झाला, परंतु थंडीत उजवा हात मागे बांधल्यासारखा आजही आखडतो. तालमींचे आणि व्यायामशाळांचे चालक, शाळांचे मुख्याध्यापक, तसेच नगरपालिका व ग्रामपंचायतींचे सभासद यांना माझी विनंती आहे की मुलांसाठी बाक आणि आरसा खरेदी करण्याची दरखास्त मंजूर करण्यापूर्वी मैदानाच्या कोपऱ्यात साडेसात फुटांवर एक आणि कंबरेइतक्या उंचीवर एक अशा दोन आडव्या दांड्या आधी बसवाव्यात. चार खांब, दोन लोखंडी नळ्या आणि एका दिवसाची मजुरी, याहून त्याला अधिक खर्च येत नाही.