नऊ एकांचा वर्ग

ओझर म्हटले की आपल्याला मिग विमानांचा कारखाना आठवतो. त्याच नाशिक जिल्ह्यात, देवळालीच्या शाळेत, १९३० ते १९६२ या काळात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) शिक्षक होते. विमानाला कारखाना लागतो. कापरेकरांच्या संशोधनाला कागद-पेन्सिल पुरे. त्यांनी अभ्यासलेल्या ‘डेम्लो’ संख्यांपैकी एक आज आपण पाहू.

मित्रांनो, वही घ्या आणि हे वर्ग करा :

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असेच पुढे गेलो तर नऊ एकांचा वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी संख्या! खिशातल्या साध्या गणकयंत्रावर ती मावतही नाही. पण असे का होते?

१११ ला १११ ने गुणताना आपण १११ तीनदा लिहितो, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. उभ्या रकान्यांच्या बेरजा येतात १, २, ३, २, १. नऊ एक घेतले तर मधल्या रकान्याची बेरीज ९ होते. कोठेही हातचा येत नाही, म्हणून नक्षी मोडत नाही.

आता या संख्येतील अंकांची बेरीज करा. ती ८१ येते. नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो व उत्तर येते १२३४५६७९ (यात ८ गायब आहे, पाहिलेत?). म्हणून तिच्या वर्गाला ९ × ९ म्हणजे ८१ ने भाग जाणारच. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. आपली संख्या डेम्लोही आहे आणि हर्षदही!

मग दहा एकांचा वर्ग किती? नक्षीवर विसंबून कोणी लिहील :

१२३४५६७८९१०९८७६५४३२१

हे साफ चूक! मधल्या रकान्यात आता १० येतात. शून्य मांडून हातचा एक शेजारच्या ९ मध्ये मिळवावा लागतो. तेथेही १० होतात, आणि हातचा पुढच्या ८ कडे जातो. खरे उत्तर आहे १२३४५६७९००९८७६५४३२१. याच्या अंकांची बेरीज ८२, सम. संख्या मात्र विषम. म्हणजे ती हर्षदही नाही.

आणि ते चुकीचे उत्तर? ती चक्क मूळ संख्या आहे! मूळ संख्या कोणत्याही पूर्ण संख्येचा वर्ग असूच शकत नाही. नऊ वेळा खरी ठरलेली नक्षी दहाव्या वेळी फसवते. म्हणून नुसती नक्षी पाहून थांबू नये. तिचे कारण शोधावे.

आता अकरा एकांचा वर्ग तुम्ही करा. हातचे सांभाळा! उत्तरातील अंकांची बेरीज ८५ यायला हवी.