भोवऱ्याचे पाणी: काय करावे, काय टाळावे

पाताळगंगा, उल्हास, पेज यांच्या काठी वाढलेल्यांना भोवरा नवा नाही. त्याची भीती मात्र बहुतेकदा भलत्याच ठिकाणी असते. तळाशी दबा धरून बसलेले असे काही भोवऱ्यात नसते. धावते पाणी संथ पाण्याला घासून जाते, त्या सीमेवर पाणी वळते आणि वेढा तयार होतो. नदीचा तळ आणि पाण्याचा वेग यांतूनच तो घडतो. म्हणून दोन्हींची माहिती हवी.

काय करावे

पुलावरून निरीक्षण करावे, पूर नसताना. खांबाच्या मागे, जिकडे पाणी वाहत जाते तिकडे, दोन्ही बाजूंनी भोवरे सुटताना दिसतात. प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभे राहिल्यास उजवीकडचे घड्याळाच्या उलट फिरतात, डावीकडचे घड्याळाप्रमाणे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे नदीतले भोवरे एकाच दिशेने फिरतात, हा समज इथेच गळून पडतो. मुलांना हे जरूर दाखवावे.

कुठला भोवरा टिकणारा आणि कुठला विरणारा, हे ओळखावे. खांबापासून सुटून वाहत गेलेल्या भोवऱ्याला नवे बळ मिळत नाही. तो लहान लहान वळशांत फुटतो आणि घर्षणाने संपतो. खडकाच्या आडोशाला, नदीच्या वळणावर किंवा दोन प्रवाह मिळतात तिथे मात्र प्रवाह त्याला सतत बळ पुरवतो. पाणी तेवढेच राहिले तर असा भोवरा दिवसेंदिवस एकाच जागी फिरतो. गाभ्याच्या बाहेर, मध्यापासूनचे अंतर निम्मे झाले की फिरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. मध्यभागी दाब कमी होऊन खळगा पडतो तो यामुळेच.

पाणी कधी सुटते ते काठावरच्या गावात विचारावे. आपल्या भागात हे फार महत्त्वाचे आहे. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचे पाणी घाटाखाली उतरवून खोपोलीच्या वीजघरात 1915 पासून वीज तयार होते, आणि ते पाणी पुढे पाताळगंगेत येते. 1922 च्या भिवपुरी वीजघराचे पाणी पेज नदीला मिळते. त्यामुळे भर उन्हाळ्यात, आभाळात ढग नसतानाही, पाणी चढते आणि सकाळी शांत असलेल्या डोहात भोवरे उठू शकतात. त्या पाण्यात मासे धरणाऱ्या कातकरी, ठाकर माणसांना त्याची चाल ठाऊक असते. फलकापेक्षा मी त्यांच्या शब्दावर अधिक विश्वास ठेवीन.

घाटमाथ्याकडे लक्ष ठेवावे. माथेरान किंवा खंडाळ्यावर ढग कोसळत असतील, तर पायथ्याशी ऊन असले तरी पाण्याबाहेर यावे. पाणी गढूळ झाले, पालापाचोळा वाहू लागला, की सामान आवरत बसू नये.

सापडलात तर तोंड पाण्यावर ठेवावे, वेढ्याच्या दिशेनेच पोहत बाहेरच्या कडेकडे सरकावे. प्रवाहाच्या विरुद्ध झटल्याने फक्त दम संपतो.

काय टाळावे

धबधब्याच्या पायथ्याच्या डोहात उतरणे. खोपोलीचा झेनिथ असो की भिवपुरीजवळचा, नियम एकच. इथला भोवरा आडवा असतो, म्हणून डोळ्यांना दिसतच नाही. वरून पडलेले पाणी खाली जाते, थोडे पुढे वर येते आणि पृष्ठभागावरून पुन्हा धबधब्याकडे परतते. माणूस त्या फेऱ्यात पुन्हा पुन्हा खाली ओढला जातो. शिवाय फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते. ते शरीराला नेहमीसारखे तरंगू देत नाही, त्यामुळे पट्टीचा पोहणाराही फसतो. बंदीचा आदेश असेल तर तो पाळावा.

बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना त्याच्या खालच्या बाजूला जाणे. तिथे हाच आडवा फेरा काठापासून काठापर्यंत पसरतो. पाणी वरून नितळ, जवळजवळ सौम्य दिसते, आणि म्हणूनच मला त्याची जास्त धास्ती वाटते.

"काल भोवरा होता, आज नाही" म्हणून उतरणे. पाणी ओसरले की भोवरा मावळतो, तसा पाणी वाढून खडक बुडाला तरी मावळतो. या दुसऱ्या स्थितीत प्रवाह अधिक जोरकस झालेला असतो. वेग दुप्पट झाला तर पाण्याचा रेटा चौपट होतो. वाळू उपसून तळ बदलला असेल तर जुन्या अंदाजाला काही अर्थ उरत नाही.

कातळातल्या खळग्यांवर पाय टाकणे. भोवऱ्यात अडकलेले गोटे फिरत फिरत खडक कोरतात. कुकडी नदीतले निघोजचे रांजणखळगे याच रीतीने घडले. आपल्या ओढ्यांचा कातळही त्याच जातीचा, काळा बेसाल्ट. गढूळ पाण्याखाली खळगा किती खोल आहे ते कळत नाही.

विसर्जनाला मूर्तीबरोबर खोल पाण्यात जाणे. भाद्रपदात नदी भरलेली असते. काठाजवळ किंवा कृत्रिम तलावात विसर्जन करावे.

बुडणाऱ्यामागे उडी घेणे. दोर, लांब बांबू किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा. काठावर आडवे पडून ओढावे आणि 112 वर फोन करावा. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास थांबला असेल तर लगेच तोंडाने श्वास आणि छातीवर दाब द्यायला सुरुवात करावी.