पडदा हिरवा, साइट बंद

या लेखातला इंजिनीअर म्हणजे प्रस्तुत लेखकच. पण स्वतःचं हसं तिसऱ्याच्या नावावर खपवलं की जीभ जरा मोकळी चालते, म्हणून त्याला इथे नुसतं ‘इंजिनीअर’ म्हटलं आहे. कंपनीचं आणि प्रकल्पाचं नाव सांगण्यात हशील नाही. चुका त्याच्या होत्या.

१४ नोव्हेंबर २०२४ ची संध्याकाळ. ग्रेटर नोएडा वेस्ट, ज्याला तिथले लोक अजूनही नोएडा एक्स्टेंशनच म्हणतात. मूळचा कराडचा हा प्लॅनिंग इंजिनीअर साइटवरच्या पोर्टा केबिनमध्ये लॅपटॉप उघडून बसला होता. पडद्यावर तिन्ही टॉवर हिरवेगार, म्हणजे सगळं वेळेवर. खिडकीबाहेर तेच टॉवर धुरक्यात बुडालेले. तेवढ्यात एकामागून एक मोबाइल वाजायला लागले: उद्या सकाळी आठपासून ग्रॅपचा तिसरा टप्पा लागू, बांधकाम बंद. सॉफ्टवेअरमध्ये मात्र उद्या सकाळी सातव्या मजल्याच्या स्लॅबचं काम सुरू होणार होतं, आणि ती ओळही हिरवीच होती.

ग्रॅप म्हणजे हवा बिघडेल तसे निर्बंध आवळत नेणारी योजना. तेव्हाच्या नियमांनुसार हवेचा निर्देशांक ४०० च्या वर गेला की तिसरा टप्पा, ४५० च्या वर गेला की चौथा. त्या वर्षी तिसऱ्यानंतर तीनच दिवसांनी, १८ नोव्हेंबरला चौथा लागला. मामला सर्वोच्च न्यायालयात होता. ढील मिळाली ती ५ डिसेंबरला. कामं जेमतेम रुळावर येतात तोच १६ डिसेंबरला पुन्हा बंदी.

आता यात आकस्मिक काय होतं? काहीच नाही. दिल्ली परिसरात, म्हणजे एनसीआरमध्ये, ग्रॅप २०१७ पासून आहे आणि हिवाळा तर त्याच्याही आधीपासून. पण जुलैमध्ये वेळापत्रक बांधताना इंजिनीअरने प्रिमाव्हेरा या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरमध्ये भरलं होतं ते एवढंच: आठवड्याचे सहा दिवस काम, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, दिवाळीचे दोन दिवस, २६ जानेवारी. यंत्राने त्यावर बिनचूक हिशेब केला आणि ३१ मार्च ही तारीख काढून दिली. तीच तारीख रंगीत आलेख होऊन वर संचालकांकडे गेली. तिथून ती ग्राहकांपर्यंत पोहोचली.

या सॉफ्टवेअरच्या पोटात जे गणित आहे, कोणतं काम कशावर अडून आहे आणि सर्वांत लांब साखळी कोणती, ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीसाठी मांडलं गेलं. गणित पक्कं आहे. पण बिहारमधल्या कटिहारचे लोक छठच्या सणाला गावी जातात हे त्याला कुणी सांगायचं?

सांगितलं होतं, खरं तर. ऑक्टोबरमध्ये शटरिंगचा ठेकेदार, कटिहारचाच, चहा पिता पिता म्हणाला होता, “साहब, छठ के बाद देखेंगे.” त्या वर्षी छठचं संध्याकाळचं अर्घ्य ७ नोव्हेंबरला होतं. दिवाळीच्या आधी निघालेली माणसं परत यायला १५ तारीख उजाडणार, हे त्या एका वाक्यात आलं होतं. इंजिनीअरने मान डोलावली आणि सोडून दिलं, कारण ते वाक्य भरायला पडद्यावर रकाना नव्हता. माणसं परत आली त्याच दिवशी बंदी लागली. फटका दुहेरी बसला: येण्याजाण्याचं भाडं गेलं आणि बसल्या जागी खावटी द्यावी लागली ती वेगळीच.

एनसीआरमध्ये हे काम करणाऱ्याने पहिल्यांदा कॅलेंडर हातात घ्यावं, बार-चार्ट नंतर. एका प्रकल्पाला एकच कॅलेंडर पुरत नाही. शटरिंगच्या टोळीचं वेगळं, रंगाऱ्यांचं वेगळं, काँक्रीटच्या गाड्यांचं वेगळं. दिल्ली शहरात तर अवजड वाहनांना दिवसा बंदी असल्याने कित्येक स्लॅब रात्रीच पडतात. दुसरी गोष्ट इंजिनीअरला फार उशिरा सुचली. तिसऱ्या टप्प्यातही प्लंबिंग, वायरिंग, सुतारकाम अशा धूळ न उडवणाऱ्या कामांना मुभा होती. त्याच्या साइटवर मात्र ‘सगळं बंद’ असा गलका झाला आणि खालच्या चार मजल्यांवर वायरिंग करू शकणारे इलेक्ट्रिशियन दोन दिवस ऊन खात बसले. आता त्याच्या वेळापत्रकात प्रत्येक कामापुढे एक खूण असते: धुळीचं की बिनधुळीचं. बंदीचा निरोप आला की एका कळीवर बिनधुळीच्या कामांची यादी समोर येते. त्या खुणा भरायला सगळा मिळून एक दिवस लागला होता.

बंदी उठल्यावर दुसरं पितळ उघडं पडलं. टक्क्यांचं.

रोजच्या अहवालात, ज्याला साइटवर सगळे डीपीआर म्हणतात, प्रत्येक स्लॅबपुढे टक्के लिहिलेले असायचे. पन्नास, सत्तर, नव्वद. नव्वदवर पोहोचलेला स्लॅब तिथेच आठ-आठ दिवस रेंगाळायचा. कारण नव्वद हा आकडा ज्युनिअर इंजिनीअर संध्याकाळी सहा वाजता, घरी जायच्या घाईत, कालच्यापेक्षा थोडा जास्त दिसेल असा टाकायचा. त्याने कमी टाकला की वरून फोन यायचा. मग तो तरी कशाला टाकेल? खोट्याची सवय पडद्यानेच लावली होती.

ई. श्रीधरन यांच्या उलट्या घड्याळांची गोष्ट या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे. कोकण रेल्वेत आणि पुढे दिल्ली मेट्रोत त्यांनी कार्यालयांत आणि साइटवर पुढच्या टप्प्याला किती दिवस उरले ते दाखवणाऱ्या पाट्या लावल्या. दिल्ली मेट्रोचा शाहदरा ते तीस हजारी हा पहिला मार्ग २४ डिसेंबर २००२ ला सुरू झाला आणि सुमारे ६५ किलोमीटरचा पहिला टप्पा ठरल्या मुदतीच्या आधी पुरा झाला. श्रेय काही पाटीचं नव्हे. जागच्या जागी निर्णय घेण्याचे अधिकार आणि काटेकोर माणसं पाटीमागे उभी होती. पण पाटीला टक्के येत नव्हते, ही तिची खुबी. तारीख आली की गाडी एक तर धावते किंवा धावत नाही.

इंजिनीअरने टक्के बंद केले. स्लॅबचे पाच टप्पे पाडले: शटरिंग तपासलं, सळई तपासली, पाइप आणि स्लीव्ह तपासले, काँक्रीट पडलं, शटरिंग उतरवलं. प्रत्येकापुढे ‘झालं’ किंवा ‘नाही’, आणि ‘झालं’ला जागेवर काढलेला तारीख-वेळेचा फोटो. पहिल्याच आठवड्यात एकूण प्रगती ७८ वरून ६३ टक्क्यांवर आली. संचालकांच्या खोलीतला तो अर्धा तास इथे सांगण्याजोगा नाही.

तिसरी चूक निव्वळ इंजिनीअरची होती. बाथरूमच्या पाइपांच्या जागा बदलल्या म्हणून पाचव्या मजल्याच्या स्लॅबचं नवं ड्रॉइंग, आर-थ्री म्हणजे तिसरी सुधारित आवृत्ती, त्याने मंगळवारी सर्व्हरवर चढवलं. यंत्राने सर्वांना ईमेल पाठवल्याची नोंदही ठेवली. गुरुवारी रात्री स्लॅब पडला तो आर-टू प्रमाणे, कारण साइटवरचा मुलगा व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आलेली जुनी पीडीएफ पाहून काम करत होता. चौदा स्लीव्ह चुकले. मग पक्क्या काँक्रीटमध्ये कोअर कटिंग, तेही सळई तुटणार नाही अशा बेताने. चौकशीत इंजिनीअरने अपलोडची नोंद पुढे केली आणि तो कागदोपत्री सुटला. साइटवरच्या मुलाचा त्या महिन्याचा पगार कापला गेला. त्या पोराला एक फोन करायला दोन मिनिटंही लागली नसती, ही गोष्ट त्याच्या मनातून अजून जात नाही.

दिल्ली–मेरठ नमो भारत रेल्वेमार्गाच्या ८२ किलोमीटरच्या कामात सगळ्या यंत्रणांची ड्रॉइंग एकाच सामाईक डिजिटल कोठारात ठेवली गेली. मोठ्या कामाला ते शोभतं आणि परवडतंही. लहान साइटवर त्याचं स्वस्त रूप असं: चालू ड्रॉइंगची एथ्री छापील प्रत मजल्यावरच्या फळ्यावर, तिच्यावर क्यूआर कोड. मोबाइलने स्कॅन केलं की हीच ताजी आवृत्ती आहे की नाही ते कळतं. आणि काँक्रीटच्या आधी जे पोअर कार्ड सही होतं, त्यावर ड्रॉइंगचा क्रमांक हाताने लिहायचा. ग्रुपवर ड्रॉइंग टाकायला सक्त मनाई. ग्रुप चहापाण्याला आणि वाढदिवसांना ठीक.

पडदा आणि माणूस यांचा हाच अनुभव सरकारी पातळीवरही वेगळ्या मापात दिसतो. २५ मार्च २०१५ ला सुरू झालेल्या ‘प्रगती’ बैठकांमध्ये पंतप्रधान, केंद्राचे सचिव आणि राज्यांचे मुख्य सचिव एकाच वेळी पडद्यावर असतात. त्यात पडद्याचं कौतुक थोडंच. ज्याच्या सहीवाचून फाइल अडली तो माणूस पलीकडे बसलेला असतो, म्हणून प्रश्न हलतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या केंद्राच्या गतिशक्ती योजनेच्या नकाशावर रस्ता, रेल्वे, वनजमीन असे थर एकावर एक पाहता येतात. पण एखाद्या खात्याने आपली जमिनीखालची वाहिनी नकाशात चढवलीच नसेल, तर जेसीबीचा दात तिला शोधून काढतोच.

पुढच्या जुलैत इंजिनीअरने नवं वेळापत्रक बांधलं. छठचे वीस दिवस, हिवाळ्यात बंदीसाठी राखलेले पंचेचाळीस. तारीख मार्चवरून जूनवर गेली आणि वरून अपेक्षित तो फोनही आला. या खेपेला त्याने छापील कॅलेंडर घेऊन कटिहारच्या ठेकेदाराला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. ठेकेदाराने चष्मा लावून एकेक महिना पाहिला. एप्रिलवर बोट ठेवून म्हणाला, “और मक्के की कटाई, साहब?”

इंजिनीअरने लॅपटॉप पुन्हा उघडला.