डिस्कचे बोल्ट किती आवळायचे?

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल कार आहे. कामानिमित्त कन्नड घाटातून नेहमी जा-ये असते. पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क बदलायच्या आहेत. मिस्त्री म्हणतो, 'आकडा कशाला, हाताला कळतं.' मोबाईलवर एका व्हिडिओत ८० सांगतात, दुसऱ्यात ११०. खरा आकडा कोणता आणि तो मिळतो कुठे?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : दोन्ही व्हिडिओ जवळपास एकच गोष्ट सांगत असण्याची शक्यता आहे. अमेरिकी लोक टॉर्क फूट-पाउंडात मोजतात आणि ८० फूट-पाउंड म्हणजे सुमारे १०८ न्यूटन-मीटर. जपानी-कोरियन गाड्यांच्या पुस्तकांत किलोग्रॅम-मीटरही आढळतो. त्यातला १ म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. तेव्हा आकडा दिसला की आधी त्याचं एकक पाहा.

मग बोल्ट कोणता ते पाहा. मोटारसायकलची डिस्क हबला बोल्टने घट्ट बसवलेली असते. बहुतेक मोटारींत मात्र ती एखाद-दुसऱ्या छोट्या स्क्रूवर नुसती टेकलेली असते. तिला खरं धरून ठेवतात ते चाकाचे नट. डिस्क काढताना सुटतात ते कॅलिपरच्या ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट आणि बऱ्याचदा कॅलिपरच्या सरकत्या पिनांचे छोटे बोल्ट. मोठ्यांचा आकडा साधारण शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास, छोट्यांचा त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा. मोठ्याचा आकडा छोट्याला लावला तर आटे तरी जातील किंवा बोल्ट तरी तुटेल.

तुमच्या गाडीचा नेमका आकडा कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत बहुधा फक्त चाकाच्या नटांचा आकडा सापडतो. आरसीवरचा १७ अक्षर-अंकांचा चासी नंबर घेऊन जळगाव किंवा धुळ्याच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि तिन्ही आकडे लिहून मागा : ब्रॅकेट, पिन, चाकाचे नट. नुसत्या मॉडेलच्या नावावर विसंबू नका. ह्युंदाईच्याच काही जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेत चाकाच्या नटांना ९ ते ११ किलोग्रॅम-मीटर दिलेले आहेत, नव्या काहींत ११ ते १३. कोणते बोल्ट दुसऱ्यांदा वापरायचे नाहीत, तेही त्याच वेळी विचारा. काही बोल्ट ठरलेल्या टॉर्कनंतर आणखी काही अंश फिरवायचे असतात; ते नवेच घालावे लागतात.

आता हाताचा अंदाज. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच दोन भाग एकमेकांना धरून राहतात. पण लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने दहावा हिस्साच त्या ताणाच्या कामी येतो. बाकीचा बोल्टच्या डोक्याखाली आणि आट्यांत घर्षणात जातो. आट्यांना तेल लागलं की घर्षण घटतं आणि त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणतो. पुस्तकाने सांगितलं नसेल तिथे ग्रीस लावू नये, ते यासाठी. ६५ किलोचा माणूस ३० सेंटिमीटरच्या व्हील पान्यावर उभा राहिला तर नटाला सुमारे १९० न्यूटन-मीटर जोर बसतो. शंभर हवे असतील तिथे हे जवळजवळ दुप्पट झाले.

बसवण्याआधी हबचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून काढा. गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला तर डिस्क किंचित तिरकी बसते आणि पुढे ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरतं. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. शेवटचा टप्पा चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क पान्याने घ्या; 'टक' आवाज आला की थांबा. त्याच पान्याने नट सोडवू नका आणि काम झालं की त्याची सेटिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत दाबा. ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

मिस्त्रीच्या हाताला अनुभव असतो, हे खरं. पण कन्नड घाट असो की महामार्गावरचा लळिंग घाट, ब्रेकचं काम अंदाजावर सोडू नये. आकडा सांगणाऱ्या आणि टॉर्क पाना वापरणाऱ्या गॅरेजलाच गाडी द्या. आकडा हाती येईपर्यंत डिस्क खोलू नका.