मध्ये दुभाषी होता म्हणून

विरार लोकलच्या गर्दीत आपली सामवेदी बोली फार सोयीची वाटते. परवा आम्ही दोघीतिघी समोरच्या बाईच्या साडीवर, जाडीवर तिच्यादेखतच बोलत होतो. तिला काय कळणार! वसईला ती आमच्याबरोबरच उठली आणि आमच्याच बोलीत म्हणाली, "जरा वाट द्या."

उत्पत्तीच्या 42व्या अध्यायात योसेफाच्या भावांचेही असेच झाले. दुष्काळात धान्यासाठी ते मिसर देशात आले. समोरचा अधिकारी दुभाष्यामार्फत बोलत होता, म्हणून ते त्याच्यासमोरच आपसात बोलू लागले: भाऊ गयावया करत होता, पण आपण ऐकले नाही, त्याचेच हे फळ. आपण त्या वेळी बजावले होते, असे रऊबेन म्हणाला. हे योसेफाला बहुधा पहिल्यांदाच कळले असावे! त्याला शब्द न् शब्द समजत होता. तो बाजूला जाऊन रडला.

ते भाऊ निदान स्वतःचीच चूक बोलत होते. योसेफाने पश्चात्ताप ऐकला. त्या बाईने काय ऐकले, ते आम्हालाच ठाऊक. माफी मागायला तोंड उघडेपर्यंत ती पूल चढून गेलीसुद्धा.